पंख्याच्या शाफ्टची लाइन: शेवटचं माप पाण्यातच

१ जूनला मासेमारीबंदी लागते, बोटी वर ओढल्या जातात आणि शाफ्टबद्दलचे, म्हणजे इंजिनाचा फेरा बोटीच्या पंख्यापर्यंत नेणाऱ्या दांड्याबद्दलचे, तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. लाइन म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका सरळ रेषेत असणं. निम्म्या प्रश्नांत ‘मेस्त्री म्हणाला’ किंवा ‘दुकानदार म्हणाला’ असतं. यंदा आलेले नेमके प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

ग्लँडमधून पाणी ठिबकतं. घट्ट आवळू का? (हर्णै)

नाही. ग्लँड म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवणारं घर. दोरीच्या पॅकिंगच्या ग्लँडला शाफ्ट फिरताना मिनिटाला चार-सहा थेंब हवेतच, तेच पाणी त्याला थंड ठेवतं. धार लागली किंवा ग्लँडचं घर हात ठेवता येणार नाही इतकं तापलं, तर जाणकाराला दाखवा.

रबरी बुशला ग्रीस मारावं का? (वेंगुर्ले)

नाही. बुश म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती आधाराची नळी, आणि तिचं वंगण म्हणजे समुद्राचं पाणी. खनिज तेलाच्या ग्रीसने काही रबरं फुगतात आणि शाफ्टला धरतात. बुश बसवताना साबणाचं पाणी पुरतं.

कपलिंगमधली फट किती चालते आणि ती मोजायची कशी? (देवगड)

कपलिंग म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन तबकड्या. त्यांच्यातली फट व्यासाच्या हजाराव्या भागापर्यंत चालते. कपलिंग १२५ मिमीचं असेल तर ०.१२ मिमी ही शेवटची हद्द, काम करताना ०.१०च्या आत आणावी.

आधी बॅटरी तोडा. मग बोल्ट पूर्ण काढा आणि शाफ्ट हाताने पुढे सरकवा. स्पिगॉट, म्हणजे एका तबकडीवरचा उंचवटा, समोरच्या खाचेत हाताने बसायला हवा. ठोकून बसत असेल तर इंजिन वर-खाली किंवा डावी-उजवीकडे सरकलेलं आहे आणि ते सुधारल्याशिवाय फट मोजण्यात अर्थ नाही. दोन्ही तबकड्या जेमतेम टेकवा आणि फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार मापं लिहून घ्या. मग फक्त शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजा. मोठी फट शाफ्टबरोबर फिरली, तर शाफ्ट वाकलेला आहे किंवा कपलिंग तिरकं बसलंय. ते काम लेथवाल्याचं. फट जागच्या जागी राहिली, तर इंजिन हलवायचं.

खाली फट जास्त असेल तर इंजिनाचे पुढचे पाय उतरवायचे, वर जास्त असेल तर चढवायचे. पुढच्या-मागच्या पायांत ८०० मिमी अंतर आणि कपलिंग १२५ मिमीचं धरलं, तर फटीतला ०.१ मिमी फरक पायाशी ०.६४ मिमी होतो. म्हणून शिम (पायाखालच्या पातळ पट्ट्या) अंदाजाने घालू नका.

एक गोष्ट हमखास सुटते. मोकळा शाफ्ट स्वतःच्या वजनाने लोंबतो. ४० मिमीचा स्टेनलेसचा शाफ्ट मीटरला साधारण १० किलो भरतो. ग्लँडपुढे एक मीटर मोकळा असेल आणि कपलिंग ६ किलोचं असेल, तर अर्धा शाफ्ट ५ आणि कपलिंग ६ असं ११ किलो वजनकाट्याने उचलून धरून मगच मोजायचं. लोंबत्या शाफ्टला इंजिन जुळवलं की लाइन पहिल्या दिवसापासून खोटी.

बोट वर असतानाच मेस्त्रीने लाइन काढून दिली, गॅरंटीही दिली. पाण्यात पुन्हा बघायला पैसे का घालवायचे? (मिरकरवाडा)

कारण तुमची बोट वर असताना एका आकाराची असते आणि पाण्यात दुसऱ्या. वर ती कण्यावर आणि चार टेकूंवर उभी असते, सगळा भार त्या मोजक्या जागांवर येतो. पाण्यात तोच भार अख्ख्या बुडावर पसरतो. दोन महिने सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात, इंजिनाखालचे लाकडी बेड हलतात. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, पण आपण मोजतोय मिलीमीटरचा दहावा भाग. सुक्यात काढलेली लाइन कच्ची, इतकंच तिचं काम. तिच्यावर गॅरंटी देणारा ज्या गोष्टीची हमी देतोय, ती त्याने मोजलेलीच नाही.

बोट पाण्यात उतरली की कपलिंग सुटंच ठेवा. फायबरला निदान एक दिवस द्या. लाकडीला तीन-चार दिवस, फार सुकली असेल तर आठवडा. डिझेल आणि बर्फ नेहमीच्या फेरीच्या निम्मे भरा, कारण ते वजनही बोटीला वाकवतं. माप भरतीला घ्या, शांत खाडीत. ओहोटीला गाळावर बसलेली बोट म्हणजे सुक्यातलीच बोट. पंचवीस ते पन्नास तास इंजिन चाललं की पुन्हा एकदा फट बघा, कारण नवे माउंट, म्हणजे इंजिनाचे पाय, दबून बसतात.

‘बोल्ट आवळले की लाइन आपोआप येते’ हे तर कुणाकडूनही ऐकून घेऊ नका. बोल्टने फट मिटते, पण ताण शाफ्टमध्ये जातो आणि प्रत्येक फेऱ्याला शाफ्ट वाकून सरळ होत राहतो. आधी गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील गळतं, मग बेअरिंग वाजतं, आणि शाफ्ट तुटला तर तो बहुतेक कपलिंगजवळ किंवा चावीच्या खाचेशी, भर समुद्रात. दर्यात जाळं टाकलेलं असताना ही वेळ कुणावर येऊ नये. बोट उतरवायच्या आधीच मरीन इंजिनाचं काम जाणणाऱ्याशी पाण्यातल्या मापाची वेळ ठरवून ठेवा.

लवचीक कपलिंग लावलं की अलाइनमेंट लागत नाही, असं दुकानदार सांगतो. (करंजा)

चूक. ते धक्के आणि आवाज कमी करतं. लाइन बिघडलेली असेल तर त्याचं रबर आधी फाटतं आणि तुम्ही दुसरं विकत घेता. बसवायचंच असेल तर आधी साध्या तबकड्यांवर लाइन पक्की करा आणि कंपनीच्या पत्रकातली हद्द जाणकाराकडून वाचून घ्या.

प्रवासी बोटीचा मागच्या ब्रॅकेटमधला बुश एकाच बाजूने झिजलाय. ब्रॅकेट ठोकून सरळ करता येईल का? (मालवण)

ठोकू नका. बुडाखाली शाफ्टला धरणारा ब्रॉन्झचा ओतीव ब्रॅकेट थंड ठोकला की त्याला केसासारखी चीर जाते. (लाकडी ट्रॉलरला बहुधा ब्रॅकेट नसतो, मागचा बुश स्टर्न ट्यूबमध्येच, म्हणजे शाफ्ट बाहेर नेणाऱ्या नळीतच, असतो. पण झिजेची भाषा तीच.)

बुश काढून उजेडात धरा. सगळीकडून सारखा झिजला असेल तर वय झालं किंवा वाळू गेली. पूर्ण लांबीभर एकाच अंगाला झिजला असेल तर ब्रॅकेट बाजूला किंवा वर-खाली आहे. पुढच्या टोकाला खालून आणि मागच्या टोकाला वरून झिजला असेल तर ब्रॅकेटचा कोन चुकलाय. ४० मिमीच्या शाफ्टला दीड मिमीवर खेळ गेला की बुश बदलायचाच.

दुरुस्ती ब्रॅकेटपासून सुरू होते, इंजिन शेवटी. शाफ्ट काढून स्टर्न ट्यूबच्या मध्यातून आणि ब्रॅकेटच्या मध्यातून बारीक पोलादी तार ताणतात आणि बुशच्या दोन्ही टोकांना चार बाजूंनी अंतर मोजतात. तारही मध्ये लोंबते, म्हणून ती कडक ताणावी लागते. फरक निघाला तर ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून खाली पाचर आणि इपॉक्सीची बैठक देतात. धातू खरवडून पाहा. पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला तर जस्त निघून गेलंय, तो ब्रॅकेट वाचवू नका. बैठकीचं काम बुडाला भोक असलेल्या जागी होतं, ते बोट बांधणाऱ्याच्या देखरेखीशिवाय करू नका.

पंधरा दिवसांपासून बोट थरथरते. बंदी लागेपर्यंत चालवू का? (सातपाटी)

नाही. अचानक सुरू झालेली थरथर सहसा लाइनची नसते. पंख्यात अडकलेली दोरी, वाकलेलं पातं किंवा सैल झालेले ब्रॅकेटचे बोल्ट आधी बघा. थरथरता शाफ्ट ग्लँड फाडतो आणि तिथून पाणी थेट इंजिनखोलीत येतं. आजच बिल्ज पंप (बुडात साठलेलं पाणी उपसणारा) तपासा आणि पुढच्या ओहोटीला बोट टेकवून मेकॅनिकला बुडाखाली न्या.