वाचकांचे प्रश्न : वाळवंटातली चित्रे आणि जमिनीची राखण

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातील आदिवासी चित्रांचा जमीन सांभाळण्याशी संबंध आहे, असे वाचतो. चित्रात तर नुसती वर्तुळे, रेघा आणि ठिपके दिसतात. संबंध नेमका कुठे आहे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : एकात एक काढलेली वर्तुळे म्हणजे बहुधा पाण्याची जागा किंवा मुक्काम. त्यांना जोडणारी रेघ ही वाट. इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे बसलेला माणूस, आणि त्याच्या बाजूला काठी असेल तर ती कंद खणायला निघालेली बाई. मात्र ही बाराखडी पाठ करून चित्र वाचता येत नाही. तेच वर्तुळ एका चित्रात झरा असते, तर दुसऱ्यात शेकोटी. चित्र कोणत्या जागेचे आणि कोणत्या जुकुर्पाचे, यावर अर्थ ठरतो. मध्य ऑस्ट्रेलियातील वार्लपिरी आदिवासींच्या जुकुर्पात पूर्वजांनी ती जागा कशी घडवली याची कथा येते, तसे तिथले नियम आणि विधीही येतात.

हे चित्र कोणीही काढू शकत नाही. वडिलांकडून ज्यांचा त्या जागेवर हक्क आहे ते किर्डा, आणि आईकडून नाते असलेले कुर्डुंगुर्लू. किर्डांचा हक्क असला तरी सारे रीतीने चालले आहे ना, यावर लक्ष कुर्डुंगुर्लूंनी ठेवायचे. विधीला हा नियम लागू आहे, चित्राला आहे आणि त्या जागेवर आग लावण्यालाही आहे. सातबाऱ्यावर मालकी आणि पीकपाणी एकाच कागदावर असते. इथे जबाबदारीही त्याच कापडावर येते. ही बाब न्यायाच्या दरबारातही पोचली. ग्रेट सँडी वाळवंटातील लोकांनी जमिनीच्या दाव्यासाठी 1997 मध्ये पिर्निनी येथे सुमारे 8 बाय 10 मीटरचे नुरारा चित्र रंगवले आणि ज्याने त्याने आपापल्या जागेवर उभे राहून आपल्या भाषेत साक्ष दिली. त्यांचा हक्क 2007 मध्ये मान्य झाला.

आता आगीविषयी. तिथल्या स्पिनिफेक्स गवताचे काटेरी झुबके राळेने भरलेले असतात आणि ते ओले असतानाही पेटते. बरीच वर्षे ते जळले नाही, तर उन्हाळ्यात वीज पडून लागलेला एकच वणवा शेकडो किलोमीटर धावतो. म्हणून थंडीत, म्हणजे तिथल्या जून ते ऑगस्टमध्ये, वारा मंद असताना लहान लहान तुकडे जाळतात; रात्रीच्या गारव्यात आग आपोआप बसते. जळलेल्या जागी पाऊस झाला की रानटोमॅटो आणि बी देणारी गवते येतात, घोरपडीची बिळे उघडी पडतात. न जळलेल्या जुन्या तुकड्यांत लहान प्राणी आसरा घेतात. नवे, मधले, जुने असे तुकडे शेजारी शेजारी राहिले तरच हे जमते. पश्चिम वाळवंटाच्या 1953 सालच्या हवाई छायाचित्रांत अशा लहान जळक्या तुकड्यांची दाट जाळी दिसते. पुढे माणसे वस्त्यांवर नेली गेली आणि तुकडे मोठे होत गेले. राखण सुटली की काय होते, हे तिथे आकाशातून दिसते.

पाण्याचेही तसेच. वाळूतला झरा उपसून गाळ काढावा लागतो. खडकातल्या खळग्यावर दगड वा फांद्या झाकल्या नाहीत, तर जनावरे पडून मरतात आणि पाणी नासते. आता त्यात मोकाट उंटांची भर पडली आहे. चित्रातली वर्तुळे याच जागांची. त्यांचा क्रम ठाऊक असलेला माणूस एका पाण्यापासून दुसऱ्यापर्यंत जिवंत पोचतो.

वाळवंटातल्या नामवंत चित्रकार एमिली कामे कुन्वारे यांच्या शेवटच्या वर्षांतल्या चित्रांत ठिपके जवळजवळ नाहीसे झाले आणि रेघांचे जाळे उरले. ते एका रानकंदाच्या मुळांचे. कंद मोठा होताना जमिनीला भेगा पडतात आणि खणायचे कुठे ते भेगेवरून कळते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा कंद आपल्या मूग-मटकी-चवळीच्या कुळातला आहे, ही आपली एक गंमत.

आपल्याकडचे अंजन गवत मात्र तिथे शत्रू झाले आहे. गुरांसाठी लावलेले हे गवत नदीपात्रात पसरते, स्पिनिफेक्सपेक्षा लवकर पुन्हा वाढते आणि इतके तापून जळते की जुने गम वृक्षही (निलगिरीचे भाऊबंद) जातात. मग नेहमीची थंडीतली आगही नुकसान करते. तिथल्या आदिवासी वनरक्षकांना आता जाळण्याबरोबर हे गवत उपटण्याचेही काम करावे लागते.

प्रश्न : शाळेत तीस मुलांसाठी 'डॉट पेंटिंग' कार्यशाळा घ्यायची आहे. साहित्य काय लागेल?
– कलाशिक्षिका, विलेपार्ले

उत्तर : तंत्र जरूर शिकवा, खुणा उचलू नका. कोणाच्या तरी जागेची खूण 'सजावट' म्हणून काढणे हे परवानगीशिवाय कोणाचा देवक रंगवण्यासारखेच. वारलीच्या लग्नचौकाचे कुशनकव्हर झालेले पाहून ज्यांना खटकते, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मुलांना आपल्याच जागा काढू द्या : शाळेची विहीर, मिठी नदी, पाणी तुंबणारा नाका. खुणाही त्यांनीच ठरवाव्यात.

जाड कार्डबोर्डवर तपकिरी किंवा काळ्या ॲक्रिलिकचा हात द्या आणि आदल्या दिवशीच वाळवा. जुलैत तर पंख्याखाली ठेवा. कबाबच्या काड्यांची बोथट बाजू वापरायची. प्रत्येक रंगाला वेगळी काडी, एका बुडवणीत तीन-चार ठिपके. त्यापुढे ठिपका बारीक होत जातो, म्हणून पुन्हा बुडवा. ठिपके एकमेकांत मिसळत असतील तर एक तर खालचा हात ओला आहे किंवा रंगात पाणी जास्त आहे. ठिपक्याला शेपूट येत असेल तर काडी तिरकी उचलली जाते आहे, ती सरळ वर घ्या. पोस्टर कलर टाळा. जाड ठिपका वाळला की टवका उडतो.

मुलांना एवढे सांगा की ठिपके अंगावरच्या आणि जमिनीवरच्या विधिचित्रांत आधीपासून होते. बोर्डावर ते 1971 मध्ये पापुन्या वस्तीत आले. चित्रे बाहेर विकली जाऊ लागल्यावर गुप्त भाग दिसू नयेत म्हणूनही ठिपके दाट झाले. योगायोगाने वारली चित्रेही त्याच दशकात भिंतीवरून कागदावर आली.

प्रश्न : मुलाने ॲलिस स्प्रिंग्जहून गुंडाळलेले कॅनव्हास आणले आहे. पावसाळ्यात काय काळजी घ्यावी? वरची बाजू कोणती?
– एक वाचक, दादर

उत्तर : गुंडाळी रंगाची बाजू बाहेर ठेवून असावी; आत असेल तर रंग दबून चिकटतो. बबल रॅप रंगाला लागू देऊ नका, गोल वळ उठतात. उघडून स्वच्छ चादरीवर दोन दिवस सपाट ठेवा, इस्त्री अजिबात नको. फ्रेमवाल्याला लाकडी चौकटीवर ताणून द्यायला सांगा. त्यासाठी चारही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर कोरा कपडा हवा. नसेल तर कडेला पट्टी जोडून घ्यावी, चित्र दुमडू नये. मागचा मजकूर (क्रमांक, कलाकेंद्राचे नाव) कापू देऊ नका. काच रंगाला टेकली तर आत बुरशी धरते. काच नसलेलीच बरी. पावसाने ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा आणि चौकटीमागे खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवा. धूळ कोरड्या मऊ ब्रशने झाडा, ओला कपडा लावू नका.

ही चित्रे जमिनीवर पसरून, चारही बाजूंनी बसून काढतात. प्रमाणपत्रावर छायाचित्र असेल तर त्याप्रमाणे लावा, नसेल तर तुमच्या भिंतीला शोभेल तसे.

प्रश्न : खरे चित्र कसे ओळखावे?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : चित्र पाहून नाही, कागद पाहून. प्रमाणपत्रावर चित्रकाराचे नाव, भाषागट, जागा, कथा आणि क्रमांक हवा; तोच क्रमांक कॅनव्हासमागेही हवा. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वस्तीच्या मालकीच्या कलाकेंद्राकडून घेणे. 1972 ची 'पापुन्या तुला' आणि 1985 चे यूएन्डुमु वस्तीतील 'वार्लुकुर्लांगु' ही जुनी नावे. पैसा वस्तीत राहतो हा यातला मोठा फायदा. 2000 साली किंटोर आणि किविरकुरा या वाळवंटी वस्त्यांच्या चित्रकारांनी मिळून काढलेल्या चित्रांच्या लिलावातून दहा लाख डॉलरहून जास्त जमले आणि त्यातून वाळवंटातच डायलिसिसची सोय उभी राहिली, नाहीतर म्हाताऱ्यांना आपली जागा सोडून शहरात राहावे लागे. पर्यटन बाजारातली स्वस्त बूमरँग आणि 'हाताने रंगवलेल्या' बश्या घेऊ नका. इंडोनेशियात बनवलेला असा माल आदिवासी कला म्हणून विकल्याबद्दल 2019 मध्ये तिथल्या न्यायालयाने एका कंपनीला 23 लाख डॉलरचा दंड केला होता.