शॉपिफायची जोडणी: वाचकांचे प्रश्न

दुकान शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान चालवायची सेवा), हिशेब किंवा गोदामाचं सॉफ्टवेअर स्वतःचं आणि दोन्ही एकमेकांशी जोडायचं आहे, अशा वाचकांचे तेच ते प्रश्न पुन्हा येतायत. त्यातले पाच घेतले आहेत.

प्र. पायथॉनची लायब्ररी (तयार कोड) घेतली, तरी शॉपिफायच्या एपीआयचं (दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायची सोय) डॉक्युमेंटेशन वाचावं लागेल का?

हो.

प्र. वर्षभर नीट चाललेली जोडणी अचानक बिघडली. कोडला आम्ही हातही लावलेला नाही.

म्हणूनच बिघडली. एपीआयची नवी आवृत्ती दर तीन महिन्यांनी येते: २०२४-०७, २०२४-१० अशी. प्रत्येक आवृत्ती किमान बारा महिने चालते. मुदत संपली की तुमची विनंती चालू आवृत्त्यांपैकी सर्वांत जुनीकडे वळते आणि तिथून काढून टाकलेली फील्ड (माहितीचे रकाने) मिळत नाहीत. लायब्ररीत कोणती आवृत्ती लिहिली आहे, ते आधी बघा. जुन्या पद्धतीची रेस्ट ॲडमिन एपीआय १ ऑक्टोबर २०२४ पासून ‘लेगसी’ (मागे पडलेली) झाली आहे. ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणत किती दिवाळ्या घालवणार? तिच्या जागी आलेल्या ग्राफक्यूएल एपीआयवर जायला किती काम पडेल, ते डेव्हलपरला कोड दाखवूनच ठरवा.

प्र. साठ दिवसांपूर्वीच्या ऑर्डर दिसत नाहीत. एक एजन्सी ‘डेटा अनलॉक’ करायचे पैसे मागते.

देऊ नका. साध्या परवानगीत ६० दिवसांच्याच ऑर्डर मिळतात. सगळ्या हव्या असतील तर वेगळी परवानगी असते. तुमच्या प्रकारच्या ॲपला ती कशी मिळते, हे एजन्सीला नाही, शॉपिफायच्या सपोर्टला विचारा.

प्र. आमच्या अँड्रॉइड ॲपमध्येच ॲडमिन टोकन (दुकानाच्या डेटाची किल्ली) ठेवलं तर? फ्रीलान्सर म्हणतो, सगळे असंच करतात.

सगळे करत नाहीत, आणि जे करतात त्यांनी आज थांबावं. एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) उघडून आतला मजकूर वाचणं अवघड नाही. कोड ऑबफस्केट (मुद्दाम वाचायला अवघड) केल्याने फक्त थोडा वेळ जास्त लागतो. ज्याच्या हाती टोकन, तो शॉपिफायच्या लेखी तुमचंच ॲप. दिलेल्या परवानग्यांप्रमाणे तो ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर वाचेल, मालाच्या किमतीही बदलेल. माल दाखवण्यापुरती स्टोअरफ्रंट एपीआय आहे, तिचं सार्वजनिक टोकन त्यासाठीच असतं. बाकी सगळं स्वतःच्या सर्व्हरमार्फत. परवानग्याही कामापुरत्याच द्या. ‘पुढे लागतील’ म्हणून सगळ्या खुणा करणारा डेव्हलपर आळशी असतो. टोकन व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा गिटहबवर (कोड ठेवायची साइट) गेलं असेल, तर आधी रद्द करा, चौकशी मग. नुसती ओळ पुसून भागत नाही, कोडचा प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या गिटच्या इतिहासात ती राहते. ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याची शंका असेल तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याखाली तुमच्यावर काय जबाबदारी येते, हे वकिलाला विचारा. फ्रीलान्सरला नको.

प्र. वेबहुकची (शॉपिफाय आपणहून पाठवते तो निरोप) सही, म्हणजे तो शॉपिफायचाच असल्याची खूण, जुळतच नाही. तपासणी बंद ठेवली तर चालेल?

नाही. बहुतेक वेळा तुमच्या सर्व्हरच्या फ्रेमवर्कने जेसन (निरोपातला डेटा) आधीच उलगडलेलं असतं. सही निरोपाच्या मूळ, कच्च्या मजकुरावर (बॉडीवर) तपासायची असते. उत्तर पाच सेकंदांत द्या, जड काम नंतर करायला रांगेत टाका. तोच वेबहुक दोनदा येऊ शकतो, तेव्हा आयडी नोंदवून ठेवा. एवढं करूनही जुळलं नाही, तर कोणती सीक्रेट की वापरताय ते जाणकाराला दाखवा, मला ईमेलवर पाठवू नका.