पेला लहान घ्या, पण भरून द्या

आमच्या सासूबाईंच्या अंगावरून दिवाळीनंतर वारं गेलं. आता हातपाय बरेच सावरलेत, बोलणंही समजतं. पण पाणी पिताना ठसका लागतो. सांडू नये म्हणून आम्ही गिलास अर्धाच भरून देतो, तरी निम्मं पाणी पदरावर येतं आणि खोकून खोकून त्या बेजार होतात. जन्मभर तांब्यातून वरूनच पाणी प्यायल्यात, ओठ लावायला तयार नाहीत. चोचीचा लहान मुलांचा कप आणला तर म्हणाल्या, "मी काय तान्हं लेकरू हाय का? कामून असलं आणू लालीस?" काय करावं?
एक सून, औसा तालुका, जि. लातूर

ताई, 'अर्धाच भरून देतो' हे वाचून मी तिथेच थांबले. ही काळजी घरोघरी घेतात आणि ठसका नेमका तिथूनच वाढतो. स्वतः करून बघा. नेहमीचा स्टीलचा गिलास साधारण १२ सेंटिमीटर उंच आणि ७ सेंटिमीटर तोंडाचा असतो. तो भरलेला असला तर जरासा तिरपा केला की पाणी ओठाला लागतं. आता तोच अर्धा भरा आणि बादलीवर धरून हळूहळू तिरपा करा. पाणी काठापर्यंत यायलाच गिलास ६० अंश झुकवावा लागतो. बसलेल्या माणसाच्या तोंडाशी गिलास इतका झुकला की त्याचा वरचा काठ नाकाला भिडतो. पुढे सरकायला जागा नाही, म्हणून माणूस मान मागे टाकतो. घोट जसजसा तळाचा, तसतशी मान आणखी मागे.

आणि मान मागे जाऊ द्यायची नाही, सगळा जोर यावरच द्या. घशात श्वासनलिका पुढे आणि अन्ननलिका तिच्या मागे असते. घोट गिळताना स्वरयंत्र वर उचललं जातं आणि श्वासाची वाट क्षणभर मिटते. लकव्यानंतर ती उशिरा मिटते किंवा पुरती मिटत नाही. पाणी पातळ, त्याला तोंडात धरून ठेवणं जिभेला जमत नाही. त्यात मान मागे असली की ते थेट घशात उतरतं आणि वाट मिटायच्या आत श्वासनलिकेत शिरतं. ठसका लागतो तो ते बाहेर फेकण्यासाठी. असं पाणी वारंवार छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो. काही पेशंटना ठसकासुद्धा लागत नाही, पाणी मुकाट आत जातं. म्हणून पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा वरचेवर ताप येत असेल, तर ठसका थांबला म्हणून निश्चिंत होऊ नका.

वरून पिण्यात मान पुरती मागे, तोंड उघडं आणि वरून धार चालू. धडधाकट माणूस श्वास धरून ते निभावतो. सासूबाईंना ते आता एकदाही करू देऊ नका. मात्र त्यांना हट्टी ठरवू नका. एका तांब्यावर अख्खी पंगत पाणी पिते ती याच रीतीने. भांडं उष्टं होत नाही, प्रत्येकामागे विसळायला पाणी लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यातल्या बाईने उभा जन्म हा हिशेब पाळला आहे. ही सवय नुसतं सांगून सुटायची नाही. त्यांना त्यांचं एकटीचं भांडं द्या, ज्याला घरातलं दुसरं कुणी हात लावणार नाही. मग उष्ट्याचा प्रश्न उरत नाही आणि ओठ लावायला त्या तयार होतात. माझ्या कितीतरी पेशंटच्या घरी गाडी इथेच अडलेली असते आणि इथेच सुटते.

भांडं कोणतं? त्यांच्या लग्नातल्या भांड्यांत एखादं फुलपात्र नक्की असेल, नाव घातलेलं. काठ बाहेर उमललेला, बूड अरुंद, अंग बुटकं. मी नांदेडला भांड्यांच्या दुकानात जाते तेव्हा टेप घेऊनच जाते. माझ्या पसंतीचं माप म्हणजे ६ सेंटिमीटर उंच, तोंड साडेसात आणि बूड ५ सेंटिमीटर. त्यात सुमारे १८० मिली पाणी मावतं. सरळ भिंतीचा गिलास रिकामा करायला तो पूर्ण आडवा, म्हणजे ९० अंश करावा लागतो. वर उमललेलं फुलपात्र ऐंशीच्या आतच रिकामं होतं आणि अर्धं असताना चाळीसच्या आसपास भागतं. तांब्याची मान आत वळलेली, तो तर ९० च्याही पुढे न्यावा लागतो. वाटी याहून उथळ, तिला अजून कमी झुकवावं लागतं, पण तिचा काठ इतका रुंद की ज्या बाजूचा ओठ सैल आहे तिथून पाणी ओघळतं. पदर भिजत असेल तर वाटी नको.

फुलपात्र काठाखाली बोटभर राहील इतकं भरा. अर्धं संपलं की काढून घ्या आणि पुन्हा भरून द्या. 'तेवढं संपवून टाका' असं म्हणू नका, कारण शेवटचा घोटच मान मागे नेतो. नाव कोरलेली बाजू ओठाकडे ठेवायची खूण करा, म्हणजे पाजणारं माणूस बदललं तरी रोज तोच काठ ओठाला लागेल. त्या काठाला पोचा किंवा खरबरीतपणा असेल तर आधी नीट करून घ्या. फुलपात्र पितळी असेल तर त्यात पाणीच द्या. ताक, लिंबूपाणी कल्हई नसलेल्या पितळेत नको.

एवढं करूनही मान मागे जात असेल तर नाकाला जागा करून द्या. जाडसर मऊ प्लास्टिकचा पेला घ्या, अन्नासाठी चालणारा. त्याच्या एका बाजूला काठापासून तीन-चार सेंटिमीटर खोल आणि नाक आरामात बसेल इतका रुंद गोलसर काप घ्या. कडा बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा. कापलेली बाजू नाकाकडे, अखंड बाजू ओठाला. पाणी कापाच्या खालपर्यंतच भरा. इथे मात्र पेला कमी भरलेला चालतो, कारण तो कितीही झुकवला तरी नाक आड येत नाही आणि मान सरळ राहते. असे पेले विकतही मिळतात, पण घरी केलेलाही तेच काम करतो. स्टीलचा पेला मात्र घरी कापू नका, धार लागते.

चोचीचा कप नाकारला हे सासूबाईंनी बरोबरच केलं. चोच पाणी जिभेच्या मागच्या भागावर सोडते आणि तिच्यातून प्यायलाही मान वर करावीच लागते. बाळाचं बोंडलं वापरा असं कुणी सुचवलं तरी तेच. त्यातली धार पाजणाऱ्याच्या हातात असते, पिणाऱ्याच्या नाही. स्ट्रॉसुद्धा तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय नको.

पाणी देताना खुर्चीत ताठ बसवा, पाय जमिनीला टेकलेले, हनुवटी किंचित खाली. एक घोट, गिळलेला दिसला की दुसरा. नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. दात आणि जीभ रोज दोनदा स्वच्छ करा, कारण तोंडातली घाण पाण्याबरोबर छातीत गेली तर आजार बळावतो. ज्वारीचं दाटसर आंबील पाण्यापेक्षा हळू सरकतं, म्हणून पुष्कळांना ते सोपं जातं. पण फार दाट झालं तर घशात चिकटून राहतं. दाटपणा किती हवा आणि हनुवटी खाली घेणं त्यांना मानवतं का, हे स्पीच थेरपिस्टने, म्हणजे बोलणं आणि गिळणं या दोन्हींवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने, पाहूनच ठरवावं. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नाक-कान-घसा विभागात जा आणि गिळण्याची तपासणी करायची आहे, असं स्पष्ट सांगा. 'वयानुसार होतं' हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

निवृत्त शिक्षक आहे. हात कापतो. बशीत चहा घेतला की सगळा धोतरावर. चारचौघांत चहा घेणंच सोडलंय.
हिंगोली

गुरुजी, चहा सोडू नका, बशी सोडा. बशी फारशी झुकवावी लागत नाही, म्हणून ती मानेला सोपी, पण उथळ असल्याने हाताचा प्रत्येक हेलकावा थेट काठावर येतो. बुडाशी रुंद असलेला मग घ्या, ज्याच्या कानात बोटाचं टोक नाही तर सगळी बोटं जातील. दोन कानांचा मिळाला तर उत्तमच. वर घट्ट झाकण आणि त्याला प्यायला लहानसं भोक. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवा आणि दोन्ही हातांनी मग तोंडाशी आणा. जड मगाने काहींचा हात स्थिरावतो, काहींचा लवकर थकतो. म्हणून विकत घेण्याआधी दुकानातच पाणी भरून उचलून बघा. स्टीलचा असेल तर दुहेरी भिंतीचा घ्या, हात पोळत नाही. आणि चारचौघांत हाच मग घेऊन बसा. चष्मा लावताना आपण कुणाची परवानगी घेत नाही.

अंतराळात कपातून पाणी पिता येतं का? तिथे कप तिरपा करून उपयोग काय?
इयत्ता नववी, परभणी

बेटा, तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग फार आवडला. तिथे कप तिरपा करून खरंच काही होत नाही, पाणी खाली येतच नाही. म्हणून अंतराळवीर पिशवीला नळी लावून पितात. २००८ मध्ये डॉन पेटिट या अंतराळवीराने अंतराळ स्थानकावरच प्लास्टिकचा पारदर्शक कागद दुमडून कप केला. वरून पाहिलं तर त्याचा आकार थेंबासारखा, एका बाजूला टोकदार कोपरा. पाणी त्या अरुंद कोपऱ्याला धरून आपोआप काठापर्यंत चढतं, ओठ लावला की झालं. घरी असं करून बघ: काचेच्या दोन पट्ट्या एका कडेला एकमेकींना टेकव, दुसऱ्या कडेला मध्ये काडी धर आणि रंगीत पाण्याच्या ताटलीत उभ्या कर. फट जिथे अरुंद, तिथे पाणी जास्त वर चढलेलं दिसेल. कडांना धार असते, तेव्हा मोठ्या माणसाला सोबत घे.

आम्ही कुंभार. चहाच्या गाड्यांना मातीचे कप देतो. गिऱ्हाईक म्हणतं चहा कपाच्या बाहेरून ओघळतो, शर्टावर पडतो. काठाला चोच काढू का?
पैठण तालुका

भाऊ, चोच नको. तोटी ओतण्यासाठी चांगली. आपल्याकडची तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृतीची मातीची भांडी, जी तुमच्या तालुक्यात आपेगावच्या उत्खननातही निघाली, त्यांत तोटीचे चंबू आहेत. पण प्यायच्या कपाला ओठ सगळीकडून बसला पाहिजे, आणि चोच तिथे फट ठेवते.

तुमची अडचण काठाच्या बाहेरच्या अंगाला आहे. झिलई नसलेली भाजलेली माती लगेच ओलावते. काठ जाड आणि गोल असला की चहा काठावरून सुटून पडत नाही, वळसा घेऊन बाहेरच्या अंगाला चिकटत खाली जातो. घोट संपवून माणूस कप खाली घेतो तेव्हा धार मंदावते आणि हे जास्त होतं. छज्जाच्या खालच्या बाजूला गवंडी पाणी तोडायला खाच ठेवतो, तसंच इथे करा. कप चामड्याइतका कडक झाला की बूड तासायला चाकावर उलटा बसवण्याआधीच काठ आवरून घ्या. आतली बाजू किंचित बाहेर झुकलेली आणि ओल्या फडक्याने गुळगुळीत केलेली. काठाची जाडी तीन-चार मिलिमीटर, त्याहून जास्त नको. बाहेरची कड मात्र गोल करू नका, ठसठशीत राहू द्या, आणि तिच्या लगेच खाली बांबूच्या पट्टीने एक उथळ खाच फिरवा. ओठाला बोचणार नाही पण चहा तिथून सुटेल, इतकीच ती कड हवी. ते माप पुस्तकात मिळायचं नाही, तुमच्या बोटालाच कळेल.

पोट फुगवून तोंड आत घेऊ नका. दिसायला छान, पण शेवटच्या घोटाला मान मागे न्यावी लागते. तळापासून वरपर्यंत उमलता कप करा. भट्टीतून निघेपर्यंत माती साधारण दहावा हिस्सा आटते, म्हणून ७ सेंटिमीटरचं तोंड हवं असेल तर चाकावर पावणेआठच्या जवळ ठेवा. तुमच्या मातीचं आटणं तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक. कुणी झिलई लावायला सुचवली आणि डब्यावर काय आहे ते कळत नसेल तर लावू नका. शिसं असलेली झिलई आंबट पदार्थात उतरते.

मोठा घाणा भाजण्याआधी चार वेगवेगळ्या काठांचे कप करा आणि गाडीवर येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना द्या, विशेषतः ज्यांचे पुढचे दात गेलेत त्यांना. त्यांचा ओठ जाड काठावर घट्ट बसत नाही, त्यामुळे काठ कुठे गळतो ते त्यांच्या पहिल्याच घोटाला दिसतं. त्यांनी निवडलेला काठ बाकी सगळ्यांना चालेल. तोच पक्का करा आणि भट्टी लावा.