चॉकलेटला घरचा पर्याय: साखर नेमकी कोठे कमी होते?

प्रश्न: आम्ही काही वर्षांपासून परदेशात राहतो. मुलगी आठ वर्षांची आहे आणि मुलगा तीन वर्षांचा. शाळा, वाढदिवस, शेजारपाजार, कोठेही गेले तरी मुलांच्या हातात चॉकलेट पडते आणि आता जेवणानंतर घरीही ते हवेच असते. खोबरेल तेल, मध आणि कोको पावडर एकत्र करून घरी ‘आरोग्यदायी चॉकलेट’ करण्याच्या अनेक पाककृती वाचल्या. त्या खरोखर उपयोगाच्या आहेत का? आणि विकतचे चॉकलेट पूर्ण बंद करावे का?

उत्तर: घरी केलेला पदार्थ विकतच्या पदार्थापेक्षा प्रकृतीला बरा असणारच, असे आपण सहसा धरून चालतो. चॉकलेटच्या बाबतीत मात्र हे दर वेळी खरे ठरत नाही. म्हणून पाककृती निवडण्यापूर्वी आपल्याला चॉकलेटमधले नेमके काय कमी करायचे आहे, हे ठरवणे आवश्यक आहे.

दुधाच्या चॉकलेटमध्ये वजनाच्या साधारण निम्मी साखर असते. म्हणजे १०० ग्रॅममध्ये सुमारे ५० ते ५५ ग्रॅम. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये २ ते १८ वर्षे वयाच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी अशी सांगितली होती. त्या हिशेबाने ४५ ग्रॅमचे एक चॉकलेट खाल्ले की मुलीच्या वाट्याची दिवसभराची साखर जवळजवळ संपते. याउलट कोको पावडरमध्ये स्वतःची साखर नगण्य असते आणि तिच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग तंतूंचा, म्हणजे फायबरचा असतो. तेव्हा दोष कोकोचा नसून त्यात मिसळलेल्या साखरेचा आहे, आणि घरी करायच्या पदार्थाची कसोटीही हीच असावी की प्रत्येक घासामागे साखर किती उतरली. उष्मांक कमी होतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण सुकामेवा, बिया आणि कोको यांत स्निग्धांश भरपूर असतो.

वेष्टन वाचण्याची सवयही याच कसोटीने लावावी. दुधाचे चॉकलेट म्हणवून घेण्यासाठी युरोपीय संघात किमान २५ टक्के कोको घटक लागतात, तर अमेरिकेत किमान १० टक्के कोको असला तरी चालते. त्यामुळे देश बदलला की त्याच नावाखाली बरीच वेगळी वस्तू हाती येऊ शकते. अमेरिकेतील वेष्टनांवर वरून घातलेली साखर स्वतंत्र ओळीत दिलेली असते, युरोपात मात्र एकूण साखरेचा आकडाच मिळतो. भाषा समजत नसली तरी १०० ग्रॅममागे साखर किती, ही एक ओळ शोधून काढणे कठीण नाही.

आता आपण वाचलेल्या पाककृतीकडे वळू. खाण्याचे खोबरेल तेल, मध आणि कोको पावडर यांचे मिश्रण थिजवून केलेली वडी दिसायला चॉकलेटसारखी असते, करायला सोपी असते आणि म्हणूनच ती सर्वत्र सांगितली जाते. परंतु मी ती सुचवणार नाही. पहिले कारण असे की खोबरेल तेलातील ८० टक्क्यांहून अधिक स्निग्धांश संपृक्त (सॅच्युरेटेड) असतो. कोको बटरमध्येही, म्हणजे कोकोच्या बियांतल्या स्निग्धांशातही, तो सुमारे ६० टक्के असतो, पण त्यातील मोठा भाग स्टिअरिक आम्लाचा असून ते रक्तातील एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ मानले जाणारे, कोलेस्टेरॉल वाढवत नाही. खोबरेल तेलाबद्दल असे म्हणता येत नाही. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. खोबरेल तेल २४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, त्यामुळे ही वडी फ्रिजमधून काढताच मुलांच्या बोटांना, कपड्यांना आणि सोफ्याला लागू लागते. तिसरे कारण मधाचे. मध नैसर्गिक असला तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तो मुक्त साखरेतच, म्हणजे जी मर्यादेत ठेवायची त्या साखरेतच, मोजला जातो, आणि मेपल सिरप किंवा गूळ यांची गोष्टही याहून वेगळी नाही. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण ती खनिजे पुरेशा प्रमाणात मिळावीत म्हणून जितका गूळ खावा लागेल, तितका खाणे कोणालाच हितावह नाही. याशिवाय मधात पाण्याचा अंश असतो आणि वितळलेल्या कोकोच्या मिश्रणाला थोड्याशा पाण्याचेही वावडे असते: कोको आणि साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि गुळगुळीत मिश्रणाचा क्षणात घट्ट गोळा होतो. अनेकांची घरची चॉकलेटे बिघडतात ती येथेच.

माझी पहिली पसंती एका साध्या मार्गाला आहे. चॉकलेट बनवण्याच्या भानगडीत न पडता चांगले ७० टक्के कोकोचे विकतचे चॉकलेट घ्यावे आणि ते पदार्थाचा मुख्य भाग न ठेवता केवळ बांधणीपुरते वापरावे. कारखान्यात कोको आणि साखर इतकी बारीक दळतात की जिभेला कण जाणवत नाहीत. घरच्या मिक्सरला ते जमत नाही आणि पिठीसाखर कितीही चाळली तरी वडी थोडी रवाळ लागते. हे काम ज्यांना उत्तम जमते त्यांनाच करू द्यावे आणि साखरेचे प्रमाण आपल्या हातात ठेवावे.

यासाठी १२० ग्रॅम मिश्रण घ्यावे, ज्यात भोपळ्याच्या बिया, सूर्यफुलाच्या बिया आणि बदामाचे पातळ काप असावेत. ते मंद आचेवर खमंग भाजून पूर्ण गार होऊ द्यावे, कारण गरम बियांची वाफही पाण्याइतकेच नुकसान करते. ६० ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून त्यातील ४० ग्रॅम एका कोरड्या भांड्यात घ्यावे आणि हे भांडे मंद उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर असे ठेवावे की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. ४५ अंशांपर्यंत चॉकलेट वितळले की भांडे उतरवावे, उरलेले २० ग्रॅम तुकडे त्यात घालावेत आणि तापमान ३१ ते ३२ अंशांवर येईपर्यंत सावकाश ढवळत राहावे. या खटाटोपाला कारण आहे. कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत थिजू शकते, पण चमक, तुकडा मोडताना येणारा कटकन आवाज आणि तोंडात अलगद विरघळणे हे सर्व त्यातील पाचव्या प्रकारामुळे मिळते, जो साधारण ३४ अंशांना, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या जरा खाली, वितळतो. न वितळवलेल्या तुकड्यांत हे स्फटिक आधीच असतात आणि उरलेल्या मिश्रणाला ते तेच वळण लावतात. तापमापक नसेल आणि थिजल्यावर वरून पांढरट झाक आली, तर घाबरू नये. ती बुरशी नसून वर आलेला स्निग्धांश असतो आणि खाण्यास पूर्ण सुरक्षित असतो.

मिश्रण बियांवर ओतून, सर्व बियांना हलका लेप बसेल असे कालवून, बटर पेपरवर पातळ पसरावे आणि थिजल्यावर १५ ग्रॅमचे सुमारे १२ तुकडे करावेत. ७० टक्के कोकोच्या चॉकलेटमध्ये १०० ग्रॅममागे साधारण ३० ग्रॅम साखर असते, तेव्हा या सर्व घाण्यात मिळून १८ ग्रॅमच्या आसपास आणि एका तुकड्यात दीड ग्रॅमच्या जवळपास साखर येते. तेवढ्याच वजनाच्या दुधाच्या चॉकलेटमध्ये ती सुमारे ८ ग्रॅम असते. दुधाच्या चॉकलेटची चव लागलेल्या मुलांना हा पदार्थ सुरुवातीला कडवट वाटेल. अशा वेळी पहिल्या काही खेपांना निम्मे दुधाचे आणि निम्मे गडद चॉकलेट घेऊन प्रमाण हळूहळू बदलत न्यावे.

दुसरा मार्ग खजुराचा. धाकट्या मुलाच्या दृष्टीने तो अधिक सोयीचा आहे, पण याविषयी जितका उत्साह दिसतो तितका तो रास्त नाही. ‘साखरविरहित’ म्हणून मिरवणाऱ्या खजूर-कोकोच्या गोळ्यांत बहुतेक वेळा दोन तृतीयांश खजूर असतो आणि मऊ खजुराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असते. खजुरातून तंतू मिळतात, अख्खे फळ पोटात जाते, त्यामुळे तो पांढऱ्या साखरेपेक्षा निश्चितच बरा. परंतु ब्रिटनमधील अधिकृत व्याख्येनुसार फळाचा लगदा किंवा पेस्ट केल्यावर त्यातील साखर मुक्त साखरेत धरली जाते, हेही लक्षात ठेवावे. त्यातच खजूर दातांना चिकटतो. म्हणून प्रमाण असे ठेवावे: बिया काढलेला खजूर १२० ग्रॅम, भाजलेल्या बदामांची बारीक पूड १२० ग्रॅम, बदामाचे लोणी ३० ग्रॅम, गोड न केलेली कोको पावडर ३० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. खजूर दोन चमचे गरम पाण्यात दहा मिनिटे भिजवून त्याच पाण्यासह मिक्सरमध्ये वाटावा, बाकीचे जिन्नस घालून मळावे, बटर पेपरवर अर्ध्या सेंटीमीटर जाडीने थापावे आणि फ्रिजमध्ये गार करून वीस वड्या कापाव्यात. एका वडीत सुमारे ४ ग्रॅम साखर येते, म्हणजे दुधाच्या चॉकलेटच्या निम्मी. यात तेलातुपाचा थेंब लागत नाही आणि बिघडण्यासारखे फारसे काही नाही. पाण्याचा अंश असल्याने फ्रिजमध्ये आठवडाभरच ठेवाव्यात. उरलेल्या गोठवून ठेवता येतात.

कोको पावडर निवडताना वेष्टनावर अल्कलीने प्रक्रिया केल्याचा उल्लेख आहे का, ते पाहावे. अशी पावडर रंगाने गडद आणि चवीला सौम्य असते, त्यामुळे मुलांना ती अधिक आवडते, मात्र या प्रक्रियेत कोकोतील फ्लेव्हनॉल, म्हणजे आरोग्याला हितकर मानली जाणारी वनस्पतिजन्य द्रव्ये, बरेच कमी होतात. तरीही फ्लेव्हनॉलच्या मोहाने आंबटसर, तुरट पावडर मुलांवर लादण्याइतका त्यांचा लाभ मोठा आहे असे मला वाटत नाही. चव पटली तर पदार्थ टिकेल, नाहीतर मुले पुन्हा विकतच्या चॉकलेटकडे जातील.

‘जितका कोको जास्त तितके चांगले’ हा समज मात्र मुलांच्या बाबतीत सोडून द्यावा. कोकोचे झाड जमिनीतील कॅडमियम हा विषारी धातू शोषून घेते, तर शिसे बहुधा काढणीनंतर, बिया उघड्यावर वाळवताना धुळीतून चिकटते. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी ग्राहक संस्थेने २०२२ मध्ये तपासलेल्या २८ गडद चॉकलेटांपैकी प्रत्येकात हे दोन्ही धातू आढळले होते. युरोपीय संघाने २०१९ पासून कॅडमियमची मर्यादा लागू केली असून ५० टक्के किंवा अधिक कोकोच्या चॉकलेटला ती किलोमागे ०.८० मिलिग्रॅम आहे, तर कमी कोको असलेल्या दुधाच्या चॉकलेटला ०.१० मिलिग्रॅम. यामुळे घाबरून कोको वर्ज्य करण्याची गरज नाही. पण दररोज कोकोचे दूध, कोकोचे लाडू आणि वर गडद चॉकलेट असा मारा लहान मुलांवर करू नये, आणि नेहमी एकाच कंपनीचा माल न घेता तो बदलत राहावा. कोकोत थोडे कॅफीनही असते. पाच ग्रॅमच्या चमच्यात ते १२ मिलिग्रॅमच्या आसपास असल्याने फारशी चिंता नको, तरी संवेदनशील मुलांना ते झोपेच्या वेळी न देणे बरे. कॅफीन नकोच असेल तर कॅरब या झाडाच्या शेंगांची पावडर मिळते. ती मुळातच गोडसर असते, पण तिची चव कोकोची नाही, आणि मुलांना ते पहिल्या घासालाच कळते.

मुलाच्या वयाचा विचार येथे विशेष महत्त्वाचा आहे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे बदाम, शेंगदाणे किंवा मोठ्या बिया देऊ नयेत, कारण त्या घशात अडकण्याचा धोका असतो. म्हणून पहिला प्रकार मुलीसाठी आणि दुसरा मुलासाठी ठेवावा. खजुराचे मिश्रण त्याला गोल गोळ्यांऐवजी पातळ वडीच्या लहान तुकड्यांतच द्यावे, कारण चिकट गोळाही घशात बसू शकतो. एक वर्षाखालील बाळाला मध कोणत्याही रूपात देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. घरात कुत्रा असेल तर कोकोचा कोणताही पदार्थ त्याच्या तोंडी लागणार नाही याची काळजी घ्यावी. त्यातील थिओब्रोमीन त्याला विषारी ठरते, आणि साखरेऐवजी झायलिटॉल हा गोडी आणणारा पदार्थ वापरला असेल तर धोका आणखी वाढतो.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. विकतचे चॉकलेट पूर्ण बंद करू नये. फिशर आणि बर्च या संशोधक महिलांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, जो खाऊ डोळ्यांसमोर असून मिळत नव्हता त्याकडे मुलांचे लक्ष अधिक वेधले गेले आणि त्याविषयीची त्यांची मागणी वाढली, असे दिसून आले होते. वाढदिवसाला मिळालेले चॉकलेट मुलीला निःसंकोचपणे खाऊ द्यावे. घरातली रोजची सवय मात्र आपल्या हातात आहे: घरात मोठी पाकिटे आणून न ठेवणे, गोड जेवणाबरोबरच देणे म्हणजे दात दिवसभर साखरेत राहत नाहीत, आणि तुकडा डब्यातून काढून बशीत देणे, डबा समोर न ठेवणे. घरच्या वडीला ‘हे चॉकलेटच आहे’ असे सांगून मुलांना फसवू नये. ती वेगळी गोष्ट आहे हे सांगून, शक्य तर थापायला आणि कापायला त्यांनाच बसवावे. वडीलधाऱ्यांनीही तोच खाऊ खावा. आई-बाबांच्या कपाटात दुसरे पाकीट लपवलेले असते हे मुलांना फार लवकर समजते.

शाळेत देण्यापूर्वी शिक्षकांना विचारून घ्यावे. सुकामेव्यावर बंदी असलेल्या शाळांत बदामाऐवजी भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांची पूड आणि त्याच बियांचे लोणी त्याच प्रमाणात घेता येते. तिळाचा पर्याय मात्र गृहीत धरू नये, कारण तीळही युरोपीय संघात आणि २०२३ पासून अमेरिकेत प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहे. दुसऱ्यांच्या मुलांना वाटायचे असेल तर डब्यावर सर्व जिन्नसांची यादी त्या देशाच्या भाषेत लिहून चिकटवावी.