वाकण आणि पीळ एकत्र आल्यावर तडा कुठे जाईल?

प्रश्न : आमच्या यंत्रातील शाफ्टवर वाकवणारा आणि पिळणारा असे दोन्ही भार एकाच वेळी येतात. व्हॉन मिसेस ताण (सर्व दिशांचे ताण एकत्र करून काढलेला एकच आकडा) मर्यादेच्या आत असूनही की-वेच्या, म्हणजे चावी बसवण्याच्या खाचेच्या, कोपऱ्यातून तिरका तडा जातो. हिशेबात काय राहून जाते? तडा कोणत्या दिशेने जाईल, हे आधी सांगता येते का?

उत्तर : कोपऱ्याच्या त्रिज्येमुळे तेथे वाढणारा ताण आपण धरला आहे ना, हे प्रथम तपासावे. तो धरला असेल, तर दोष आकडेमोडीचा नसून निवडलेल्या मापाचा आहे. व्हॉन मिसेस ताण मुळात तन्य (न तुटता ताणला जाणारा) धातू कायमचा विरूपित होईल की नाही, एवढ्यासाठी आहे. त्यात दिशा उरत नाही, शिवाय तो कधीच ऋण होत नसल्याने ओढ आणि दाब त्याला सारखेच.

समजा, वाकण्याचा ताण १२० आणि पिळाचा कातरताण (थर एकमेकांवर सरकवणारा ताण) सुमारे ६९ मेगापास्कलपर्यंत दोन्ही दिशांना हेलकावतो, पण एक शिखरावर असताना दुसरा शून्यावर असतो. अशा वेळी क्षणोक्षणी काढलेला व्हॉन मिसेस ताण संपूर्ण आवर्तनात १२० च येतो. कागदावर काहीच बदलत नाही. धातूत मात्र मुख्य ताणाची, म्हणजे सर्वाधिक ओढीची, दिशा सतत फिरत असते, आणि तडा पडतो तो या बदलामुळेच.

म्हणून तड्याच्या सुरुवातीसाठी त्या बिंदूतून जाणारी निरनिराळ्या कोनांची प्रतले एकेक करून तपासतात आणि सर्वाधिक घातक कोणते ते शोधतात. ब्राउन आणि मिलर या संशोधकांनी १९७३ मध्ये मांडलेल्या या विचाराला फातेमी आणि सोसी यांनी १९८८ मध्ये पुढचे रूप दिले. प्रतलावरील कातरविकृतीचा (सरकण्यामुळे आकारात होणाऱ्या बदलाचा) पल्ला आणि त्या प्रतलाला काटकोनात ओढणारा कमाल ताण, असे दोन्ही त्यात एकत्र येतात. कारण सरळ आहे : ओढ असली की तड्याचे दोन्ही काठ अलग राहतात, घर्षण कमी होते आणि सरकणे सोपे जाते. पोलादासाठी हे बहुधा चांगले चालते. बिडासारख्या ठिसूळ पदार्थासाठी मात्र कमाल ओढीचे प्रतल घ्यावे.

तडा वाढू लागल्यावर नियम बदलतो. एर्दोगान आणि सी यांच्या १९६३ च्या निकषानुसार तडा टोकाभोवतीच्या सर्वाधिक स्पर्शीय (टोकाभोवतीच्या वर्तुळाला स्पर्श करणाऱ्या दिशेतील) ताणाला काटकोनात वळतो. केवळ कातरभार असेल तर हे वळण सुमारे ७०.५ अंशांचे. वाढीचा वेग पॅरिस या संशोधकाच्या नियमाने काढतात; त्यात वेग ताणाच्या पल्ल्याच्या ठराविक घाताच्या प्रमाणात असतो. त्यातील घातांक अनेक धातूंत ३ च्या आसपास असल्याने, ताणाचा पल्ला १० टक्क्यांनी वाढला तर वेग सुमारे एक तृतीयांशाने वाढतो.

आपल्या शाफ्टवरील तड्याचा कल आडव्या छेदापासून किती आहे, हे मोजून पाहावे. निव्वळ वाकण असल्यास तो शून्याजवळ येतो, पीळ वरचढ असेल तर ४५ अंशांकडे झुकतो. मात्र हे मोजमाप कोपऱ्यापासून थोडे दूर करावे, कारण अगदी सुरुवातीचा भाग बहुतेकदा कातरप्रतलावर असतो आणि त्याचा कोन फसवा निघतो.