सहा सेकंदांचा वाचक आणि इतर प्रश्न

या अंकात रस्त्यावरच्या जाहिरातींबद्दल आलेले प्रश्न घेतले आहेत: होर्डिंग, पदपथ, भिंती आणि चौकातली गनिमी जाहिरात, म्हणजे अनपेक्षित जागी अचानक समोर येणारी. परवानगीचे नियम शहरागणिक बदलतात, ते तुमच्या शहराच्या कार्यालयातच विचारावेत. उत्तरांत भर आहे तो मापांवर आणि हमखास होणाऱ्या चुकांवर.

प्रश्न: आमच्या वाचनालयाला हमरस्त्यालगतचं १२ बाय ६ मीटरचं होर्डिंग महिनाभर मोफत मिळतंय. समितीला त्यावर सगळे उपक्रम, वेळा, पत्ता आणि फोन नंबर हवा आहे. एवढा मजकूर मावेल का?

मावेल, पण कुणी वाचणार नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. होर्डिंग १०० मीटरवरून दिसू लागत असेल, तर तुमच्या वाचकाकडे सहा सेकंद आहेत, आणि तो गाडी चालवत असेल तर त्यातला बराचसा वेळ रस्त्याचा आहे. तेव्हा एक चित्र, सहा-सात शब्द आणि वाचनालयाचं नाव, एवढंच ठेवा. फोन नंबर चालत्या गाडीतून कुणी टिपून घेत नाही. तो वाचनालयाच्या दारावर लावा.

अक्षर सहज वाचता यावं यासाठी दर मीटर अंतरामागे ८ मि.मी. उंची धरतात. १०० मीटरसाठी ती ८० सें.मी. होते. देवनागरीत हे माप शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतचं समजा. वेलांट्या, मात्रा आणि उकार यांना वर-खाली आणखी जागा लागते, त्यामुळे एक ओळ सहज दीड मीटर खाते. म्हणजे चित्रासह दोनच ओळी. शब्द निवडताना गच्च जोडाक्षरं टाळा. लांबून त्यांच्यातली पोकळी भरून जाते आणि नुसता डाग दिसतो.

रंगांची परीक्षा सोपी आहे. संगणकावर सगळं चित्र कृष्णधवल करा. अक्षरं आणि पार्श्वभूमी एकाच करड्या छटेची झाली तर रंग बदला. निळ्यावर लाल हा नेहमीचा अपराधी.

छपाईला पाठवण्याआधी मसुदा १२ सें.मी. रुंद छापा आणि विषय माहीत नसलेल्या माणसाला एक मीटरवरून तीन सेकंद दाखवा. १०० मीटरवरचं होर्डिंग डोळ्याला एवढंच दिसतं. वाचनालयाचं नाव त्याला सांगता आलं नाही, तर आणखी शब्द काढा. छपाईची फाइल एक-दशांश आकारात ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) केली की पुरते. मोठी झाल्यावर ती ३० डीपीआय होते आणि एवढ्या अंतरावर डोळा त्याहून बारीक काही पाहत नाही.

प्रश्न: मळलेल्या पदपथावर स्टेन्सिल ठेवून फक्त अक्षरांपुरती जागा धुऊन काढायची, अशी जाहिरात करायची आहे. रंग वापरणार नाही, मग परवानगी कशाला? आणि साहित्य काय लागेल?

परवानगी लागतेच. पदपथ तुमचा नाही, आणि धुतलेली अक्षरंही जाहिरातच असतात. शिवाय एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: धुतलेलं परत मळवता येत नाही. संदेश पुसायचा तर तो सगळा पट्टा धुवावा लागतो. तो खर्च अर्जातच स्वतःच्या अंगावर घ्या. होकार मिळण्याची शक्यता त्याने वाढते.

‘आपोआप निघून जाईल’ यावर विसंबणं किती महागात पडतं, याचं उदाहरण २००१ सालचं आहे. आयबीएमच्या लिनक्स या संगणकप्रणालीच्या मोहिमेसाठी सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या पदपथांवर शांततेचं चिन्ह, हृदय आणि लिनक्सचं बोधचिन्ह पेंग्विन उमटवले गेले. ते धुऊन जाणाऱ्या खडूचे असायला हवे होते, पण सगळे गेले नाहीत. एकट्या सॅन फ्रान्सिस्कोत १ लाख डॉलर दंड आणि वर साफसफाईचा खर्च भरावा लागला. खडूचा फवारा गुळगुळीत फरशीवरून निघतो, सच्छिद्र दगडात आणि काँक्रीटमध्ये मुरून बसतो.

आता साहित्य. स्टेन्सिलसाठी ३ मि.मी. जाडीचा एसीपी पत्रा (अॅल्युमिनियमच्या दोन थरांमध्ये प्लास्टिक) घ्या, साधारण १२० बाय ८० सें.मी. पुठ्ठा किंवा पातळ प्लास्टिक पाण्याच्या माऱ्याने उचललं जातं. अक्षराची रेघ २५ मि.मी.पेक्षा बारीक नको, कारण फवाऱ्याची कड तेवढी तीक्ष्ण येत नाही. देवनागरीत खरी अडचण शिरोरेषेची. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांचं पोट बंद असतं, आणि ‘प’, ‘म’, ‘य’ यांची पोकळी शिरोरेषेमुळे बंद होते. पत्रा कापला की हे आतले तुकडे गळून पडतात आणि अक्षराच्या जागी पांढरा ठोकळा उमटतो. म्हणून प्रत्येक बंद पोकळीला १० ते १५ मि.मी. रुंदीचे दोन सांधे ठेवा. शिरोरेषा जागोजागी तोडली तर ते डोळ्याला खटकत नाहीत.

पाणी मारायचं यंत्र १०० ते १२० बार (दाबाचं एकक) दाबाचं, तोंडाला २५ अंशांचा पंखा-नोझल. शून्य अंशांची सरळ धार कधीही वापरू नका, ती काँक्रीट कोरते आणि ते नुकसान कायमचं राहतं. नोझल २० ते ३० सें.मी. उंचीवर आणि अगदी काटकोनात धरा. तिरकं झालं की पाणी पत्र्याखाली शिरतं आणि कडा फिसकटतात. चारही कोपऱ्यांवर वजन ठेवा. उताराच्या वरच्या बाजूने सुरुवात करा आणि गढूळ पाणी निथळेपर्यंत पत्रा उचलू नका, नाहीतर तीच घाण अक्षरांत वाहत येते. मिनिटाला १० लिटर पाणी आणि एका ठिकाणी दोन-तीन मिनिटं धरली तर २० जागांना ६०० लिटरपर्यंत पाणी लागेल. चुनखडीचा दगड आणि फरशांचे जुने सांधे टाळा, धारेने सांध्यातला माल निघून येतो. काम पहाटे करा आणि ओल्या जागेभोवती शंकू ठेवा. कुणी घसरून पडलं तर जबाबदारी तुमची आहे.

जागा निवडतानाच ओल्या फडक्याने एक कोपरा पुसून पाहा. स्वच्छ आणि मळका यांत ठळक फरक दिसला नाही तर ती जागा सोडा.

प्रश्न: पोस्टरवरचा क्यूआर कोड किती मोठा असावा?

ज्या अंतरावरून लोक फोन धरतील त्याचा दहावा भाग. एक मीटरला १० सें.मी. रेल्वेच्या फलाटापलीकडच्या भिंतीवर लावलेला, दहा मीटरवरचा कोड मीटरभराचा हवा. भोवती कोडातल्या चार बारीक चौकटींएवढी मोकळी जागा सोडा, चकचकीत लॅमिनेशन टाळा, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा दुवा द्या, म्हणजे कोणत्या जागेने काम केलं ते कळेल. जिथे नेटवर्क येत नाही तिथे कोड लावूच नका.

प्रश्न: आमच्या फिल्म क्लबच्या प्रचारासाठी एलईडीची छोटी चमकती चित्रं पुलांच्या कठड्यांवर चुंबकाने चिकटवायची आहेत. काय काळजी घ्यावी?

पहिली काळजी: पूल नको. ३१ जानेवारी २००७ रोजी बॉस्टनमध्ये नेमक्या अशाच पाट्यांनी शहर ठप्प केलं. एका कार्टून मालिकेच्या प्रचारासाठी बॅटरीवरच्या एलईडी पाट्या दहा शहरांत लावल्या होत्या. इतर शहरांत त्यांचा गाजावाजा झाला नाही. बॉस्टनमध्ये मात्र उघड्या तारा आणि बॅटऱ्या पाहून बॉम्बची शंका आली आणि रस्ते, पूल, नदीतली वाहतूक बंद करावी लागली. पाट्या लावणाऱ्या दोन तरुणांना अटक झाली. मालिका दाखवणारी टर्नर ब्रॉडकास्टिंग ही कंपनी आणि तिची जाहिरात संस्था यांनी मिळून २० लाख डॉलर भरले. पाटी लावणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण ते पाहणाऱ्याला कसं कळणार? अनोळखी वस्तू, तारा आणि गर्दीची जागा एकत्र आली की लोक घाबरणार, आणि त्यांनी घाबरावं हेच योग्य आहे.

तेव्हा पूल, स्थानकं, विजेचे खांब, पाइपलाइन आणि इस्पितळांचा परिसर वगळा. दुकानदार किंवा नाट्यगृह अशा ज्ञात मालकांच्या भिंतीच घ्या, तेही लेखी संमतीने. खोकं पारदर्शक ठेवा, म्हणजे आत काय आहे ते दिसेल. त्यावर संस्थेचं नाव, फोन आणि जागेचा अनुक्रमांक ठळक छापा. सगळ्या जागांची छायाचित्रांसह यादी पोलीस नियंत्रण कक्ष आणि अग्निशमन दलाला आधी द्या. छापलेल्या फोनवर रात्री तीनलाही माणूस उचलणारा हवा, आणि तासाभरात खोकं काढता आलं पाहिजे.

चुंबकाच्या ताकदीबाबत बरेच जण फसतात. वेष्टनावरचा आकडा जाड, कोऱ्या लोखंडावरून सरळ ओढण्याचा असतो. उभ्या पत्र्यावर वजन खाली सरकू पाहतं, तेव्हा त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंच बळ मिळतं, रंगाच्या थरावर त्याहूनही कमी. जोडीला पोलादी तारेचा फास हवाच. विजेचा हिशोब असा: प्रत्येकी २० मिलिअँपियरचे २० एलईडी म्हणजे ४०० मिलिअँपियर. डी आकाराचे तीन अल्कलाइन सेल एकसरीत जोडले तर साधारण २५ तास. टायमर लावून रोज पाच तास चालवलं तर पाच रात्री. पावसाचं पाणी साचू नये म्हणून तळाला ५ मि.मी.चं भोक ठेवा.

प्रश्न: नाट्यमहोत्सवासाठी इमारतीच्या भिंतीवर २० बाय १२ मीटरची प्रतिमा टाकायची आहे. सभागृहातला ५,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर चालेल?

नाही. ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरचा एकूण उजेड, लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा. ल्युमेनला क्षेत्रफळाने भागा: ५,००० भागिले २४० म्हणजे जेमतेम २१ लक्स. दिव्यांच्या रस्त्यालगतच्या भिंतीवर १०-१५ लक्स आधीच पडलेला असतो, त्यात तुमचं चित्र विरून जाईल. २०,००० ल्युमेनला ८३ लक्स मिळतो, तो फिकट भिंतीवर बरा दिसतो. करडं काँक्रीट त्यातला तिसरा हिस्साच परत पाठवतं, आणि काचेची इमारत जवळपास काहीच नाही. मोठा प्रोजेक्टर परवडत नसेल तर चित्र लहान करा. ८ बाय ५ मीटरवर तुमचाच प्रोजेक्टर १२५ लक्स देईल, आणि लहान पण लख्ख चित्र मोठ्या पण फिक्या चित्रापेक्षा केव्हाही चांगलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी आकृती घ्या, मग चौकटीची कड दिसत नाही. जनरेटर आणि प्रोजेक्टर एकाच गाडीत ठेवू नका, चित्र थरथरतं. उजेड वाहनचालकांच्या डोळ्यांवर जाता कामा नये.

भिंतीच्या मालकाची संमती घ्या, तशीच चित्रातल्या माणसाचीही. मे १९९९ मध्ये एफएचएम मासिकाने लंडनच्या संसद भवनावर एका निवेदिकेचं नग्न छायाचित्र तिला न विचारता झळकवलं. जाहिरातीच्या वर्गांत ते अजून यश म्हणून शिकवलं जात असेल, तर ते चूक आहे.

प्रश्न: फ्लेक्सला चंद्रकोरीसारखे काप दिले की वारा निघून जातो, हे खरं का?

फार थोडा. सांगाड्यावरचा भार त्याने किंचितच घटतो, आणि फ्लेक्स फाटायला मात्र तिथूनच सुरुवात होते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग मीटर प्रतिसेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ने गुणा, दर चौरस मीटरचा दाब न्यूटनमध्ये येतो. ताशी ९० किलोमीटर म्हणजे २५ मीटर प्रतिसेकंद, दाब ३७५. १२ बाय ६ मीटरच्या फलकावर तो २७,००० न्यूटन होतो, जवळजवळ पावणेतीन टन. वेग दुप्पट झाला तर अकरा टन. आकारामुळे येणारा वाढीव गुणक यात धरलेलाच नाही. त्यामुळे पाया आणि सांगाडा स्थापत्य अभियंत्याकडूनच काढून घ्या. जाळीचा फ्लेक्स वापरला तरी मूळ गणित भरीव फलकाचंच ठेवा, कारण उद्या कुणीतरी त्यावर साधा फ्लेक्स चढवणारच.

प्रश्न: उन्हाळ्यात भर दुपारी चौकात बर्फाचा मोठा पुतळा उभा करायचा आहे. तो किती वेळ टिकेल?

बर्फ वितळायला किलोमागे ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे ऊन आणि वारा मिळून १ किलोवॉट उष्णता देत असतील तर तासाला सुमारे ११ किलो बर्फ जातो. माणसाएवढ्या पुतळ्याला दुपारी दोन-तीन किलोवॉट सहज मिळते, तर २०-३० किलो धरा. अंग टिकेल, पण बोटं, नाक आणि अक्षरं पहिल्या अर्ध्या तासात जातील. बारीक काम करूच नका.

सरबत किंवा रस गोठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. साखरेमुळे गोठणबिंदू खाली येतो आणि गोळा आतून मऊ राहतो. जून २००५ मध्ये स्नॅपल या पेयांच्या कंपनीने न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअर चौकात २५ फूट उंच, साडेसतरा टनांचा आइस पॉप (काडीवरची गोठवलेल्या रसाची कांडी) उभा करायला घेतला. तो उभा राहण्याआधीच वितळला, गोड चिकट पाणी रस्त्यांवर पसरलं आणि अग्निशमन दलाला ते धुवावं लागलं.

तुमच्या पुतळ्याखाली कडा उचललेला पत्र्याचा ट्रे आणि त्यातून थेट गटारापर्यंत नळी हवी. घनमीटरभर बर्फ ९१७ किलोचा असतो. चौकाखाली तळघर किंवा वाहनतळ असेल तर छताला तो भार पेलतो का, हे आधी विचारा, आणि नसेल पेलत तर खाली लाकडी फळ्या टाकून वजन पसरवण्याचा उपायही अभियंत्याच्या होकाराशिवाय करू नका. भोवती दीड मीटरवर कठडा ठेवा. पुतळा कलू लागला की सावरायचा प्रयत्न न करता लोकांना मागे घ्या आणि तो आडवा करून फोडून टाका.