वाचकांचे प्रश्न: ६०० मीटरवरची गोळी १०० मीटरवर कशी तपासायची?

प्रश्न: मी काडतुसं स्वतः भरतो. नेमबाजीला जागा मिळते ती १०० मीटरचीच. म्हणून काडतुसातली बंदुकीची दारू कमी करून गोळीचा वेग ६०० मीटरवर उरतो तेवढा आणला आणि पाण्याने भरलेल्या डब्यांच्या रांगेवर बार काढले. गोळ्या सुरेख फुलल्या, म्हणजे आदळल्यावर टोक उघडून रुंद झाल्या. ही गोळी ६०० मीटरवरच्या शिकारीला चालेल, असं धरू का?

उत्तर: अजून धरू नका. वेग जुळवायचा, ही तुमची कल्पना बरोबर आहे. गोळी फुलणार की नाही हे मुख्यतः आदळतानाच्या वेगावर ठरतं, म्हणून मीही चाचणी तिथूनच सुरू करतो. पण वेग जुळला तरी फिरकी जुळत नाही, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

हिशोब करून बघा. तुमच्या नळीचे आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, १० इंचांत एक फेरा देतात आणि गोळी सेकंदाला ८५० मीटरने सुटते, असं समजा. म्हणजे ती सेकंदाला सुमारे ३,३५० फेरे घेत निघते. ६०० मीटरवर तिचा वेग ५५० वर आला, तरी फिरकी फार थोडी कमी झालेली असते, कारण हवा गोळीला पुढे जाताना जितकी अडवते तितकी फिरताना अडवत नाही. तुम्ही मात्र त्याच नळीतून ५५० च्या वेगाने गोळी सोडलीत, म्हणजे ती फिरली फक्त २,१७० च्या आसपास. फुलू लागलेल्या गोळीच्या पाकळ्या बाहेर ओढायला फिरकीची मदत होते, त्यामुळे ही तफावत किरकोळ नाही. ७ इंचांत एक फेरा देणारी नळी मिळाली, तर त्याच वेगाला सुमारे ३,०९० फेरे मिळतात आणि चाचणी खऱ्या परिस्थितीच्या बरीच जवळ जाते. अशी नळी नसेल, तर निदान वहीत आट्यांचा फेर लिहून ठेवा. तो न लिहिलेली नोंद मी वापरत नाही.

आता पाण्याचं. डबे स्वस्त आणि सोपे, पण पाण्यात गोळी मांसापेक्षा सहज फुलते. दोन गोळ्यांची तुलना करायला पाणी ठीक आहे, शिकारीचा निर्णय त्यावर घेऊ नये. मी वजनाने १० टक्के जिलेटिनचा ठोकळा ४ अंश सेल्सिअसला थंड करून वापरतो. त्यात आधी ४.५ मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला १८० मीटरच्या आसपास वेगाने मारायचा. तो साडेआठ सेंटिमीटरच्या जवळपास, म्हणजे एखादा सेंटिमीटर कमीजास्त, शिरला तरच ठोकळा जमला म्हणायचं. छर्रा जास्त खोल गेला, तर ठोकळा मऊ आहे आणि त्यातले आकडे टाकून द्यायचे.

ठोकळा कापल्यावर बहुतेक जण आधी गोळी शोधतात आणि तिचा फोटो काढतात. मी आधी गोळीने ठोकळ्यात पाडलेला मार्ग बघतो. गोळी आत शिरल्यापासून फुलायला लागेपर्यंत जी अरुंद मान दिसते, तिची लांबी मोजा. वेग उतरत गेला की ही मान लांबत जाते. ती एवढी लांबली की गोळी फुलायच्या आत हरणाची छाती ओलांडून जाईल, तर शेवटी मिळालेली फुललेली गोळी कितीही देखणी असो, ती त्या जनावराला लवकर मारणार नाही. जखमी होऊन दूर निघून गेलेलं जनावर तासन् तास तडफडतं. ही सगळी खटपट मी ते टाळण्यासाठी करतो.

दारूबद्दल एक इशारा. कोणतीही दारू मनाला येईल तेवढी कमी करू नका. गोळी नळीत अडकू शकते, आणि संथ जळणारी दारू फार कमी भरली तर दाब अचानक धोकादायक वाढू शकतो. ‘एच ४८९५’ या दारूसाठी ती विकणारी हॉजडन कंपनी कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरायला परवानगी देते. अशी छापील मुभा असलेली दारूच घ्या.

प्रश्न: खोक्यावर लिहिलंय की गोळी सेकंदाला ५५० मीटरपर्यंत काम करते. तेवढ्या वेगापर्यंत निर्धास्त राहावं का?

उत्तर: नाही. अशा आकड्याला गोळी बऱ्याचदा जेमतेम तोंड उघडते. वेग टप्प्याटप्प्याने उतरवत न्या, गोळी फुलायची थांबेपर्यंत. ती कुठे नापास होते हे कळल्याशिवाय चाचणी पूर्ण होत नाही. त्या वेगापेक्षा सेकंदाला ५० ते ६० मीटर जास्त वेगावर मी माझी हद्द आखतो आणि मग तो वेग किती अंतरावर उरतो ते काढतो. ते अंतर हवेच्या घनतेप्रमाणे बदलतं, म्हणून तिथली उंची आणि तापमान हिशोबात घ्या.

कागदावरच्या वेगावरही विसंबू नका. २०१५ मध्ये गोळ्या बनवणाऱ्या हॉर्नडी कंपनीने डॉप्लर रडारवरच्या, म्हणजे उडत्या गोळीचा वेग सतत मोजणाऱ्या यंत्रावरच्या, मापनांतून दाखवलं, की लांब पल्ल्याला हवेच्या घर्षणाने काही गोळ्यांची प्लास्टिकची टोकं वितळतात. टोक बिघडलं की गोळी हिशोबापेक्षा लवकर मंदावते. कमी दारूच्या चाचणीत हे तापणं येतच नाही. शक्य असेल तेव्हा एकदा तरी खऱ्या अंतरावर वेग मोजा.

जवळच्या अंतरावरचा जास्त वेगही तपासा. १९४६ साली कॅनडात मूस या प्रचंड हरणाच्या शिकारीत जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याच्या वेगवान गोळ्या खोल शिरल्याच नाहीत. त्यातूनच त्यांनी मधे आडवी भिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी घडवली. लांबवर सहज फुलावी म्हणून मऊ केलेली गोळी ५० मीटरवर, पूर्ण दारूने, खांद्याच्या हाडावर टिकते का ते बघा. जिलेटिनसमोर जनावराचं ताजं हाड ठेवून मारा, आणि ठोकळ्यातून जे निघेल ते तुकड्यांसकट वजन करून लिहून ठेवा.